आत्याची डिजिटल अटक आणि त्यानंतरचं सगळं

हे लिहून काढ असं आत्यानेच सांगितलं. माझं नाव घालू नको म्हणाली, पण फोन कुठे करायचा, कागद कुठले लागतात, कोण काय म्हणतं हे सगळं लिही, कारण आपली धावपळ चालली होती तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून लिहितेय, जरा लांब होईल.

आत्या ७२ वर्षांची. मिरजेला स्वतःच्या घरात एकटी राहते, तिचे यजमान गेले, मुलगी कॅनडात, मी पुण्यात. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, शेवटची बरीच वर्षं मुख्याध्यापिका होती. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, शिष्यवृत्तीचे पैसे, वरून मागवलेल्या माहितीचे तक्ते, सगळं स्वतःच्या हाताने लिहायची आणि ऑडिटला तिच्या शाळेवर कधी शेरा आला नाही. हे आधीच सांगतेय कारण नंतर जो भेटला त्याने एकच वाक्य म्हटलं, एवढी शिकलेली बाई आणि फसली कशी. मला तर वाटतं ती ज्या नोकरीत होती त्या नोकरीनेच तिला जास्त घाबरवलं. 'वरून पत्र आलंय' एवढ्या तीन शब्दांवर जिने सगळी कामं बाजूला ठेवून माहिती पाठवली, एखाद्याची चौकशी लागली की त्या घरात काय होतं हे जवळून बघितलं, पेन्शन अडकलेली माणसं बघितली, तिच्यासमोर शिक्क्याचं पत्र धरलं की ती प्रश्न विचारत नाही, उत्तरं द्यायला लागते. या चोरांना हे बरोबर माहिती असतं.

सुरुवात साध्या फोनने झाली. टेलिकॉम खात्यातून बोलतोय, तुमच्या आधारवर दुसरं एक सिम निघालंय, त्यावरून घाणेरडे मेसेज गेलेत, दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील, माहितीसाठी ९ दाबा. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, असा कोणाचा नंबर बंद करायला फोन करत नाही, पण हे कोणाला माहिती असतं. तिने ९ दाबलं. मग 'मुंबई पोलीस', मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल, समोर वर्दीतला माणूस, मागे अशोकस्तंभ, टेबलावर झेंडा. तुमच्या नावाने मुंबईत खातं आहे, त्यातून काळा पैसा फिरलाय, हे बघा सुप्रीम कोर्टाचं पत्र, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलेलं आहे. कॅमेरा बंद करायचा नाही, घराबाहेर विचारल्याशिवाय जायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणाला सांगायचं नाही, सांगितलं तर ज्याला सांगाल त्यालाही आत घेऊ. रात्री मोबाईल उशाशी उभा करून झोपायला लावलं. एक माणूस दरडावायचा, दुसरा मराठीत बोलायचा, आई तुम्ही माझ्या आईसारख्या, मी साहेबांना सांगून बघतो, बीपीची गोळी घेतली का. आत्या म्हणते दरडावणाऱ्यापेक्षा मला त्या मराठी बोलणाऱ्याचा जास्त राग येतो.

पैशाचं म्हणाल तर, तुमचा पैसा स्वच्छ आहे का हे तपासायला तो 'सरकारी खात्यात' भरा, तपास झाला की परत मिळेल. पहिल्या दिवशी तिने शाखेत जाऊन ४ लाख ८० हजार आरटीजीएस केले, दुसऱ्या दिवशी मुदत ठेव मोडून ६ लाख ५० हजार. काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, बाई एवढे कोणाला? काय सांगायचं ते आधीच शिकवलेलं होतं, भाचीला फ्लॅटसाठी देतेय. आणि पर्समध्ये मोबाईल चालू, पलीकडे माणूस ऐकतोय.

हे सगळं उघडकीला आलं ते कामाला येणाऱ्या मावशींमुळे. त्यांचा मला फोन आला, "ताई, दोन दिस झालं बाई दार उघडंनात, आतनं म्हणत्यात नंतर ये, पण आत कुणा बाप्याचा आवाज येतोय." मी आत्याचा मोबाईल लावला तर सारखा बिझी. शेजारच्या काकांकडे जादा किल्ली असते, ते एसटीतून रिटायर झालेत, त्यांना फोन केला. अशा प्रकारांबद्दल वाचलेलं होतं त्यामुळे अंदाज आला आणि मी त्यांना एवढंच सांगितलं की काका, फोनवर कोणीही असला तरी त्याच्याशी वाद घालू नका, कट करा, फोन बंद करा, आत्याला पाणी द्या आणि कृपा करून तिला रागवू नका. काकांनी अगदी तसंच केलं. आत्या थरथर कापत होती, त्यांनाच म्हणत होती अहो साहेब बघतायत, तुम्हालाही पकडतील.

आता इथे मला जे सांगायचंय ते नीट वाचा. पुण्याहून मिरजेला जायला पाच तास तर लागतातच. मनात तेच आलं होतं की आधी गाडी काढावी. पण मी निघाले नाही, आधी १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीची तक्रार करायचा केंद्रीय गृहखात्याचा नंबर आहे, पूर्वी तो १५५२६० होता, अजून काही जुन्या पत्रकांवर तोच दिसतो. या नंबरमागे पोलीस आणि बँका एकाच सिस्टिमवर जोडलेल्या असतात. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसा गेला त्या बँकेला लगेच कळतं आणि तिथे जेवढा शिल्लक असेल तेवढा अडकवून ठेवतात, पुढच्या खात्यात गेला असेल तर त्या पुढच्या बँकेला कळवतात. चोर पैसा एका जागी ठेवतच नाहीत, एका खात्यातून दहा खात्यांत, तिथून आणखी तुकडे, मग एटीएममधून रोख. म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. पाच तास मी गाडी चालवत बसले असते तर दुसऱ्या दिवशीचे पैसेही गेले असते.

फोन लगेच लागत नाही, लागेपर्यंत लावत राहायचं. लागल्यावर विचारतात त्या गोष्टी हाताशी पाहिजेत, खातेदाराचं नाव आणि मोबाईल, बँक, खाते नंबर, रक्कम, तारीख आणि वेळ, पैसे ज्या खात्यात गेले त्याचा नंबर, आणि यूटीआर. यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर. काकांनी पासबुकाचे आणि आरटीजीएसच्या स्लिपचे फोटो पाठवले पण स्लिपवर फक्त बँकेचा शिक्का, यूटीआर आत्याच्या मोबाईलवर एसएमएसमध्ये आलेला, आणि मोबाईल तर आपणच बंद करायला लावलेला. मग काकांनी घरातला वायफाय बंद केला, फोन चालू करून लगेच विमानाचं चिन्ह दाबलं आणि मेसेज वाचून नंबर सांगितला. बाहेरचा फोनही येणार नाही आणि मेसेजही वाचता येतात. आत्या सारखी म्हणत होती ते सगळं डिलीट करा, मला बघवत नाही. नाही केलं. ते चॅट, ती खोटी पत्रं, ते नंबर, हाच तर पुरावा. काकांनी त्यांच्या मोबाईलने स्क्रीनचे फोटोही काढून ठेवले.

तेवढ्यात काकांचा मुलगा आत्याला स्कूटरवर बसवून शाखेत घेऊन गेला, साध्या कागदावर अर्ज, दोन्ही व्यवहारांचा तपशील, माझी फसवणूक झाली आहे, समोरच्या बँकेला तातडीने कळवावे, आणि त्याच अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, हे आत्यानेच त्या मुलाला सांगितलं, त्या अवस्थेतही. १९३० वरून एसएमएसने तक्रार नंबर आला, तो टाकून सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर फोटो आणि बाकी माहिती भरली आणि मग मी निघाले.

पोलीस ठाण्यात आधी सांगितलं की सायबरला जा. नवीन कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती घ्यावी लागते, हे मी निघायच्या आधीच वाचून ठेवलं होतं. भांडले नाही, फक्त कलमाचा नंबर सांगितला आणि बसून राहिलो. नंतर जी महिला अधिकारी आली तिचे मात्र उपकार मी विसरणार नाही. तिने आधी आत्याला खुर्ची दिली आणि पहिलंच वाक्य बोलली, "बाई, डिजिटल अटक असला प्रकार कायद्यातच नाही. तुम्ही आरोपी नाही, फिर्यादी आहात." आत्या तोपर्यंत रडली नव्हती, तिथे रडली.

जबाब द्यायच्या आधी आम्ही एक केलं त्याचा फार उपयोग झाला. आत्याला म्हटलं तू टाचण काढ, शाळेत काढायचीस तसं. किती वाजता कुठल्या नंबरवरून फोन, कोण काय म्हणालं, मी काय केलं. तिने तिच्या त्या सुंदर अक्षरात पानंच्या पानं लिहून काढली, लिहिता लिहिता हात थरथरायचा थांबला. तेच पोलिसांना दिलं, तेच बँकेला, तेच वकिलांना, त्यामुळे प्रत्येकासमोर पहिल्यापासून सगळं तोंडाने सांगायची वेळ आली नाही. म्हाताऱ्या माणसाला सतरा जणांसमोर आपली फजिती पुन्हा पुन्हा सांगायला लावणं हा एक छळच आहे, कोणी मुद्दाम करत नाही पण होतो. एफआयआरला न्यायसंहितेचं ३१८ म्हणजे फसवणूक, ३१९ म्हणजे तोतयेगिरी, आणि आयटी कायद्याची ६६ क आणि ६६ ड ही कलमं लागली.

बँकेकडून भरपाई मिळेल का, हा सगळ्यांचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक होतं, त्यात खातेदाराची चूक नसताना त्याच्या नकळत तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर खातेदारावर काहीच बोजा येत नव्हता. पण आत्याने सही करून स्वतः पाठवलेले, त्यामुळे बँक म्हणाली हे यात बसत नाही. मला हे पटत नाही, धाक दाखवून घेतलेली सही ती कसली स्वतःची, पण तेव्हा नियम असा होता, आणि असा नियम माहिती असलेला बरा, नाहीतर माणूस त्याच आशेवर बसतो आणि खरं काम राहून जातं.

तर स्थिती अशी झाली, पहिल्या दिवशीचे ४ लाख ८० हजार गेले, त्यातलं काहीच हाती लागलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या रकमेतले ५ लाखांच्या वर थोडे वेगवेगळ्या राज्यांतल्या तीन खात्यांत अडकून पडले. अडकून पडले म्हणजे सापडले, पण परत आले नाहीत, हे दोन वेगळे आहेत.

मधल्या काळात आणखी एक झालं. तक्रार करून आठवडा होत नाही तोच आत्याला फोन, मी सायबर सेलचा वकील, तुमची रक्कम मंजूर झाली आहे, प्रोसेसिंग फी भरा. एकदा फसलेल्या माणसांच्या याद्या या लोकांकडे असतातच, कदाचित तीच टोळी असेल. पैसे परत मिळवून देण्यासाठी सरकारी कुठलंही खातं फोन करून फी मागत नाही. हा दुसरा फोन येणारच असं धरून चाला आणि घरातल्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

आत्याची झोप उडाली होती. बेल वाजली की दचकायची, मोबाईल वाजला की हात पोटाशी धरायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण मला वाटतं तिला खरा धीर आला तो कायदा स्वतः वाचल्यावर. मी तिला प्रिंट काढून दिले आणि ती पेन्सिल घेऊन बसली. त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९, चौकशीसाठी साक्षीदार म्हणून बोलवायचं तर बाईला किंवा ६० वर्षांवरच्या पुरुषाला तो राहतो ती जागा सोडून दुसरीकडे यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं. कलम ३५ पोटकलम ७, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० वर्षांवरच्या माणसाला अटक करायची तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. कलम ४३, अगदीच अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक नाही, आणि अपवाद करायचा तरी महिला अधिकारी पाहिजे आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी पाहिजे. आणि पोलिसांनी हजर राहायची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं चालणार नाही हे तर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. प्रत्येक ठिकाणी तिने खाली रेघ मारली. म्हणाली, अगं म्हणजे खरे पोलीस आले असते तर त्यांना माझ्याशी किती जपून वागावं लागलं असतं. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका वयस्कर जोडप्याच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने या डिजिटल अटकेची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला तपास सीबीआयकडे दिला, ती बातमी तिने कापून वहीत चिकटवली. आपल्या एकटीचं असं झालं नाही हे तिला त्या बातमीने जेवढं पटलं तेवढं माझ्या बोलण्याने पटलं नव्हतं.

आता घरच्यांचं. हे लिहायला जड जातंय पण आत्या म्हणाली लिही. खालच्या मजल्यावर तिच्या दिराचा मुलगा राहतो. आधी सहानुभूती दाखवली, मग हळूहळू सूर बदलला. काकी तुम्हाला आता व्यवहार झेपत नाहीत. पासबुकं माझ्याकडे द्या, मी सांभाळतो. मग मावशींना कामावरून काढा, ती घरातलं बाहेर सांगते. मग चारचौघांत मोठ्या आवाजात, दहा लाख घालवले हिने. आणि शेवटी, घराचं बक्षीसपत्र माझ्या नावावर करून टाका म्हणजे कोणी तुम्हाला फसवणार नाही, आणि हे भाचीला सांगू नका, ती पैशावर डोळा ठेवून येते. आत्याने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण हे शब्द आम्ही आधी ऐकले होते. कोणाला सांगू नका, मी सांगतो तसं करा, नाहीतर तुमचं काही खरं नाही. चोरांनी जे व्हिडिओ कॉलवर केलं तेच इथे घरात, नात्याचं नाव घेऊन. आणि फसवल्या गेलेल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास इतका गेलेला असतो की तो अशा वेळी खरंच सही करून मोकळा होतो. मला तर वाटतं पहिल्या फसवणुकीनंतरचे महिने जास्त धोक्याचे, तेव्हा माणसाला एकटं सोडू नये.

१४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे, फुकट, सकाळी ८ ते रात्री ८. तिथे फोन केला तर त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याबद्दल सांगितलं, प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, वकील नसला तरी चालतो. त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता बक्षीस दिली आणि नंतर सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं, जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका आईचं बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द केलं. पण आमच्या वकीलबाई म्हणाल्या रद्द करत बसण्यापेक्षा करूच नका. बक्षीसपत्र म्हणजे आज दिलं ते गेलं, मृत्युपत्र मात्र जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. आत्याने तिच्या डॉक्टरांकडून मनाने सक्षम असल्याचा दाखला घेऊन, दोन साक्षीदारांसमोर, स्वतःला हवं तसं मृत्युपत्र केलं. कोणाला काय दिलं ते मलाही माहिती नाही आणि ते बरोबरच आहे.

दिराच्या मुलाविरुद्ध आम्ही प्रांतांपर्यंत गेलो नाही. ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष आणि शेजारचे काका दोघं जाऊन त्याच्याशी शांतपणे बोलले, कायद्याचं नाव काढलं, पासबुकं त्याच दिवशी वर आली. मावशी कामाला आहेतच. खरं तर सगळ्यांत आधी ज्यांना शंका आली त्या मावशी, आणि त्यांनाच काढायला निघाले होते, यातच सगळं आलं.

बाकी नातेवाईकांनी एकेक सल्ले दिले, तिचा स्मार्टफोन काढून घ्या, साधा बटणाचा द्या. मी त्याला ठाम विरोध केला. लेकीशी, नातवाशी ती त्याच फोनवर बोलते, भजनी मंडळाचं सगळं त्यावर येतं. फोन काढून घेतला तर ती पुन्हा एकटी पडते, आणि एकट्या माणसालाच हे लोक गाठतात. त्याऐवजी काय केलं तर व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरचे कॉल वाजणार नाहीत ती सेटिंग लावली, शाखेत अर्ज देऊन रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी केली, ठेव ऑनलाइन मोडायची सोय बंद करून घेतली, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, संचार साथी या सरकारी पोर्टलवर तिच्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं. मोठी रक्कम हलवायची तर आधी एक रात्र थांबायचं आणि लेकीला किंवा मला फोन करायचा हे तिने स्वतः ठरवलं, आम्ही लादलं नाही. आवाजाची नक्कल करून पैसे मागतात म्हणून घरात एक खुणेचा प्रश्नही ठरलाय, आजोबांच्या बैलाचं नाव.

पण या सगळ्यापेक्षा उपयोग झाला तो सरावाचा. डिजिटल अटक खोटी असते हे आत्याला माहिती नव्हतं असं नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ ला मन की बातमध्ये सांगितलेलं तिने ऐकलं होतं, फोन लावला की सावध राहा म्हणणारी ट्यूनही रोज ऐकायची. माहिती डोक्यात असते, पण भीती बसली की ती आठवत नाही. आणि दुसरं म्हणजे तिला समोरचा बोलत असताना फोन ठेवता येत नाही. त्यांच्या पिढीला तो उद्धटपणा वाटतो, कोणीही असो, पूर्ण ऐकून घ्यायचं. म्हणून आम्ही एक वाक्य ठरवलं, "लेखी नोटीस घरी पाठवा, मी फोन ठेवते," आणि शेजारच्या काकांना पोलीस करून त्याची तालीम घेतली. पहिल्यांदा तिने वाक्य म्हटलं पण फोन ठेवला नाही, काका काय म्हणतात ते ऐकत राहिली. मग परत. मग आवाज चढवून परत. आता ती संघातल्या बायकांकडून हेच करून घेते, प्रत्येकीला मोठ्याने म्हणायला लावते आणि खरंच फोन ठेवायला लावते, बाईंच्या पद्धतीने.

आता पैसे परत मिळवण्याचं. अडकलेली रक्कम मिळवायला आम्हाला कोर्टाचा आदेश लागला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, सोबत एफआयआरची प्रत, १९३० ची पोच, बँकेचं स्टेटमेंट, आणि त्या स्टेटमेंटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ चं प्रमाणपत्र, हे प्रमाणपत्र बँकेकडे मागावं लागतं, आपणहून देत नाहीत. मग कोर्ट पोलिसांचा से मागवतं, म्हणजे त्यांचं म्हणणं, कुठल्या खात्यात किती रक्कम अडकलीय आणि ती हिचीच आहे का. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. तपास अधिकाऱ्यांकडे केसेसचा ढीग आहे हे दिसतंच, म्हणून चिडून उपयोग नाही, पण तारखेच्या आधी आठवण करत राहिलं पाहिजे, आणि आत्याने ते काम स्वतःकडे घेतलं, वहीत तारीख लिहून फोन करायची. पहिल्या तारखेला ती कोर्टात आली तेव्हा तिला वाटत होतं की पिंजऱ्यात उभं करतील. तसं काहीच झालं नाही, साहेबांनी नाव विचारलं, बसा म्हणाले. हमीपत्र घेतलं, की पुढे दुसऱ्याच कोणाचा हक्क निघाला तर रक्कम कोर्टात भरेन, आणि आदेश झाला. आदेशाची सर्टिफाइड कॉपी पोलिसांमार्फत त्या त्या बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला जाते, आम्ही ईमेलनेही पाठवली आणि पाठपुरावा केला.

तीनपैकी दोन खात्यांतले पैसे आत्याच्या खात्यात जमा झाले, ३ लाख ९० हजार. तिसऱ्या खात्यावर दुसऱ्या राज्यातल्या आणखी एका फिर्यादीचाही दावा निघालाय, त्यामुळे कोणाची किती रक्कम हे बँकेने तारीखवार कळवल्याशिवाय ते सुटणार नाही. त्या बँकेला तपशील मागणारं पत्र तपास अधिकाऱ्यांनी पाठवलंय, आणि आत्याने त्याची प्रत मागून फाइलला लावलीय.